मातीत काढलेले तीन ठिपके

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे एका द्राक्षबागेत मार्चच्या अमावास्येला आकाशदर्शन होतं. माझी आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे फिरत्या बुडावर बसवलेली दुर्बीण, आणि तीसेक पाहुणे. एरवी गुरू आणि मृगातला तेजोमेघ दाखवून मी आवरतं घेतो. त्या रात्री एम १०५ ही दीर्घिका लावायचीच, असं ठरवून गेलो होतो.

सिंह राशीतली ही लंबवर्तुळाकार दीर्घिका पिअर मेशां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने २४ मार्च १७८१ रोजी शोधली, पण चार्ल्स मेसिएच्या धूसर पिंडांच्या यादीत ('एम' तिथलाच) ती आली थेट १९४७ साली. तिला सर्पिल भुजा नाहीत, नवे तारे जवळपास जन्मतच नाहीत. सगळे म्हातारे, पिवळसर तारे. उजेड गाभ्यात दाटलेला, बाहेर इतका हळूहळू विरत जातो की कड कुठे संपते ते सांगता येत नाही. हा उजेड तीन कोटींहून जास्त वर्षांपूर्वी निघालेला.

नाशिकहून ती जवळजवळ डोक्यावर येते आणि डॉब्सोनियनला तेच सगळ्यात अवघड. बूड कितीही फिरवा, नळी तिथल्या तिथेच घुटमळते. वीस मिनिटं झगडून लावली, तर पाहुणे म्हणाले, "काहीच दिसत नाही." दिसणार कसं? नको म्हणून सांगितलं होतं तरी आयोजकांनी जेवणाच्या मांडवात दिव्यांच्या माळा लावलेल्या आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बोल मात्र दीर्घिकेला लागतो, याचा मला फार त्रास होतो.

पाहुणे पांगल्यावर शेजारच्या मळ्यातले एक काका आले. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे मोटर चालू करून तासभर अंधारातच बसलेले. मी एवढंच म्हणालो, "काका, थेट बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा. फिकं असलं की कडेच्या नजरेलाच जास्त दिसतं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मधी दाट हाय, कडंला इरत गेलंय. शेजारी दुसरं. आन् तिसरं पन हाय, लई फिक्कं."

दुसरी एनजीसी ३३८४ (एनजीसी ही अशा पिंडांची आणखी एक यादी). तिसरी, एनजीसी ३३८९, बाराव्या प्रतीच्या आसपासची; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकं तेज कमी. तिचं नावही मी काढलं नव्हतं आणि त्या रात्री मला स्वतःला ती दिसली नव्हती. "कुठे?" विचारलं, तर उकिडवं बसून त्यांनी बोटाने मातीत तीन ठिपके काढले. लाल टॉर्चमध्ये मी नकाशा धरला. दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून तो अर्धा फिरवला. तिन्ही ठिपके जुळले.

मी पुन्हा डोळा लावला, डोक्यावर टॉवेल घेऊन. दहा मिनिटांनी तिसरी दिसली, असं वाटलं. पण आधी सांगितल्यामुळे दिसली की खरंच दिसली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.