बाबांचा लॅपटॉप

आज सकाळपासून बाबांच्या लॅपटॉपपाशीच बसलो होतो. आठवडाभर हार्ड डिस्क कटकट करत होती. आत आईचे फोटो, बाबांची पेन्शनची कागदपत्रं. जीव टांगणीला लागला होता.

काल नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून ५०० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, जास्त वेगवान डिस्क) आणि ती यूएसबीला जोडायला साटा-यूएसबी केबल आणली. लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम, उबंटू, नव्याने टाकायची नव्हती. बाबांचा मराठी कीबोर्ड, प्रिंटर, सगळं नीट बसलंय, त्यांना पुन्हा शिकवायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून पेनड्राईव्हवरून क्लोनझिला (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालू करून डिस्कची डिस्कला कॉपी लावली. जुनी ३२० जीबीची; नवी तिच्याएवढी किंवा मोठीच लागते. कुठून कुठे जायचंय हे तीनदा वाचलं, कारण उलटं झालं की सगळं पुसलं जातं.

कॉपी झाली, एसएसडी आत बसवली, पण जुनी डिस्क यूएसबीला तशीच राहिली. चालू झाल्यावर पाहतो तर सिस्टिम जुन्याच डिस्कवरून चाललेली! क्लोन केल्यावर दोन्ही डिस्कचे यूयूआयडी (सिस्टिम ज्यावरून डिस्कचे भाग ओळखते ते क्रमांक) एकच असतात, मग चुकीची डिस्क उचलली जाऊ शकते. जुनी काढली, पुन्हा चालू केलं आणि सुरळीत झालं. नव्या डिस्कवर उरलेली रिकामी जागा जीपार्टेड या डिस्कचे भाग लहान-मोठे करणाऱ्या सॉफ्टवेअरने वापरात घेतली.

बाबांनी चष्मा पुसला आणि आधी आईचा फुटाळा तलावावरचा फोटो उघडला. लगेच उघडला. "चांगला चालतो रे आता," म्हणाले, आणि पुढचा फोटो शोधायला लागले.

जुनी डिस्क कपाटात जपून ठेवलीय, महिनाभर तरी पुसणार नाही.