ट्रेडमिलवर दोनशे बावन्न

चवथीच्या आधी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीसाठी, फळं आणायला डिचोलीजवळच्या रानात गेलो होतो. चढावर छाती भरून आली. वय 54, बीपीच्या दोन गोळ्या चालू. बायकोने दुसऱ्याच दिवशी पणजीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदयाची चाचणी, करायला सांगितली.

घोळ माझाच. चाचणीआधी दोन दिवस दोनांपैकी मेटोप्रोलॉल ही गोळी घेऊ नका, असं सांगितलं होतं, कारण त्या गोळीने ठोके वाढत नाहीत आणि चाचणी अपुरी राहते. मी दोन्ही गोळ्या बंद करून टाकल्या. विचारायचं डोक्यातच आलं नाही.

छातीवरचे केस भादरून गार जेली लावली, वायरी चिकटवल्या. ठोके 141 पर्यंत न्यायचे होते, म्हणजे 220 वजा वय, त्याचे 85 टक्के. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा म्हणजे नुसती फेरी. दुसऱ्यात दंडावरचा पट्टा आवळला तेव्हा वरचं बीपी 206. माझी पावलं धपधप पडत असल्याने यंत्राचा भरवसा नाही म्हणून तंत्रज्ञ पोरगा स्टेथोस्कोप कानाला लावून स्वतः मोजत होता. "काका, दांडा आवळू नका, नुसता हात टेकवा," असं तो तीनदा म्हणाला. मूठ आवळली की बीपी आणखी चढतं म्हणे. पण ताशी साडेपाच किलोमीटर आणि 14 टक्के चढ, दांडा सोडणार कोण!

आठव्या मिनिटाला 252/108. डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. ठोके 134 वरच होते. छातीत काहीच दुखत नव्हतं, पण ईसीजीची रेघ खाली झुकली होती. मला वाटलं, झालं, ब्लॉकेज.

डॉक्टरांनी कागद पुढ्यात ठेवून समजावलं. व्यायामात वरचं बीपी वाढणारच, पण पुरुषांत 210 च्या वर गेलं की ते जास्तच धरतात, आणि 250 ओलांडलं की चाचणी बहुधा थांबवतात. एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाला प्राणवायू जास्त लागतो. मग आतल्या थराला तो कमी पडतो आणि हृदयाच्या रक्तनळ्या मोकळ्या असल्या तरी रेघ झुकू शकते. म्हणजे ब्लॉकेज आहे असं या रेघेवरून म्हणता येत नव्हतं. आणि छाती भरून आलेली असताना नाही असंही म्हणता येत नव्हतं. गोळ्यांचं कळल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बोलले काही नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे त्या नळ्यांच्या स्कॅनमध्ये, मोठं ब्लॉकेज निघालं नाही. मग चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र कमरेला लावलं. रात्री ते सारखं घरघरायचं, बायको वैतागून हॉलमध्ये झोपायला गेली. त्यात खरी गोष्ट सापडली: झोपेत बीपी दहा-वीस टक्के उतरायला हवं, माझं उतरतच नव्हतं. दवाखान्यातल्या 138/86 वर मी वर्षभर खूश होतो.

गोळ्या बदलल्या, खारे बांगडे बंद झाले. पाकिटात आता एक चिठ्ठी असते. कुठली गोळी कधी, कुठली कोणाच्या सांगण्यावरून थांबवायची, सगळं बायकोच्या अक्षरात.