घरच्या डस्टरमधून भंडारदरा, साम्रद आणि घाटघर

आमच्या घरात गाडी एकच. तीच शाळेत जाते, तीच मंडईत, तीच आईला दवाखान्यात नेते. त्यामुळे मुक्कामासाठी गाडीत जे काही करायचं ते रविवारी रात्री उतरवून ठेवता आलं पाहिजे, ही पहिली अट होती. दुसरी अट आईच्या गुडघ्यांची. तंबूत जमिनीवर झोपलेली आई सकाळी उठू शकत नाही आणि तिला घरी ठेवून जायचं आमच्या मनात नव्हतं. गाडीतले सगळे बदल या दोन अटींतूनच झाले.

गाडी म्हणजे रेनोची जुनी डिझेल डस्टर, ऑल व्हील ड्राइव्हवाली, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी. ही आवृत्ती आपल्याकडे 2014 मध्ये आली. दीड लिटरचं 110 पीएसचं इंजिन, 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन. डॅशबोर्डखालच्या नॉबवर टू-व्हील, ऑटो आणि लॉक असे तीन पर्याय: फक्त पुढची चाकं, गरजेप्रमाणे मागचीही, किंवा पुढची-मागची दोन्ही जोडलेली. यात लो-रेंज गिअर (अवघड चढासाठी वेग कमी करून जोर वाढवणारी जास्तीची गिअर जोडी) नाही, पण पहिला गिअर मुद्दाम खूप लहान ठेवलेला आहे, त्यामुळे चढावर गाडी मुंगीच्या पावलांनी वर जाते. सह्याद्रीतल्या गाववाटांना एवढं पुरतं. खडकांवरून चढायचं असेल तर वेगळी गाडी बघावी.

आईसाठी डिकीत झोपायचा पाट करून घेतला. 12 मिमीची वॉटरप्रूफ प्लाय, दोन भाग, मधे बिजागरी. दिवसा वरचा भाग खालच्यावर दुमडलेला असतो आणि मागच्या सीटवर तिघं नीट बसतात. रात्री सीट पाडायची, पुढच्या सीट शक्य तेवढ्या पुढे सरकवायच्या आणि दुमडलेला भाग पुढे उलगडून त्याचे पाय खाली टेकवायचे. आई आणि धाकटी मुलगी आडव्या होतील एवढी जागा होते. आईला गाडीच्या कडेवर बसून पाय वर घेता येतात, उठताना हाताशी दाराची चौकट असते. सुताराला कागदी नमुना करून द्या, कारण चाकांवरच्या उंचवट्यांमुळे डिकीची कड कुठेच सरळ नसते. आधी जुन्या खोक्यांचा पुठ्ठा कापून बसवून पाहा आणि मगच प्लायला करवत लावू द्या.

एक गोष्ट सुताराला सुचणार नाही, तुम्हालाच सांगावी लागेल. ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरमध्ये स्टेपनी डिकीच्या तळाशी असते. पाट तिच्यावर कायमचा ठोकला तर पंक्चर झाल्यावर अख्खा संसार रस्त्यावर मांडावा लागेल. म्हणून आमच्या पाटाचा खालचा भाग दोन पट्ट्यांनी बांधलेला आहे आणि मागून अख्खा बाहेर ओढता येतो. पट्टे मात्र भक्कम हवेत, गाडीच्या सामान बांधायच्या कड्यांनाच अडकवलेले. जोरात ब्रेक लागल्यावर सुटी प्लाय मागच्या सीटवरच्या माणसांच्या पाठीवर येते.

वजनाचा हिशेब कागदावर करा. 12 मिमी प्लायच्या आठ बाय चारच्या अख्ख्या शीटचं वजन 23–24 किलोच्या घरात जातं. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. इंजिनखाली 3 मिमीची लोखंडी प्लेट लावली तर आणखी दहा-बारा किलो. त्यावर पाच माणसं, तंबू, गाद्या, शेगडी. कंपनीच्या पुस्तिकेत एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते. तिच्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की खरं शिल्लक किती ते कळतं, आणि ते नेहमी वाटलं होतं त्याहून कमी निघतं. टपावर तंबू बसवायची हौस आम्ही इथेच सोडली. चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालतं तेही पुस्तिकेत असतं. एवढं वजन तेवढ्या उंचीवर ठेवून घाटातल्या वळणांवर आईला बसवायची माझी तयारी नाही.

पुण्याहून निघालो ते चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा असे. पुढे बोट्याला नाशिक महामार्ग सोडून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर आणि शेंडी. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव. वाटेत आळेफाट्याला टाकी भरा आणि राजूरला भाजीपाला घ्या. रोख पैसे घरूनच आणा, आत मोबाइलची रेंज येते-जाते आणि ती नसेल तर फोनवरून पैसे देता येत नाहीत.

शेंडीहून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, मुरशेत असा फिरून पुन्हा शेंडीला येतो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनविभागाच्या नाक्यावर माणसांची आणि गाडीची पावती फाडावी लागते, ती जपून ठेवा. गाडीत सगळं सामान आहे म्हणून जंगलात कुठेही तंबू ठोकता येत नाही. मुक्काम गावातल्या मालकीच्या जागेत, मालकाला विचारून आणि त्याचे पैसे देऊन. आम्ही रतनवाडीत एका दादांच्या खळ्यात उतरलो. जागेसोबत संडास मिळाला, विहिरीचं पाणी मिळालं आणि रात्री वहिनींच्या हातची नागलीची भाकरी आणि पिठलं. गाडीत पूर्ण स्वयंपाकघर मांडायचा विचार असेल तर इकडे तो खर्च वाचवा. चहापुरती एक शेगडी आणली की झालं. जेवण गावात घ्या, पैसाही गावातच राहील.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ उन्हं कलताना पाहा. कोरीव खांब, बाहेरची पुष्करणी आणि मागे रतनगड. प्रवरा याच डोंगरात उगम पावते. आई पुष्करणीच्या काठावर बराच वेळ बसून होती आणि आम्हीही तिला उठवलं नाही.

थंडीत इथे रात्री पारा दहाच्या खाली जातो. बंद गाडीत दोन माणसं झोपली की श्वासाच्या वाफेने काचा आतून ओल्या होतात आणि पहाटे पांघरुणंही दमट लागतात. त्यासाठी समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवायच्या. मागच्या दारांना शिंप्याकडून मच्छरदाणीच्या कापडाची खोळ शिवून घेतली आहे, ती दारावर वरून चढते आणि काच खाली असली तरी डास येत नाहीत. आमच्या सगळ्या बदलांत सर्वांत स्वस्त हीच आणि मी सर्वांत आधी हीच करायला सांगेन. उबेसाठी खाली फोमची गादी आणि वर गोधडी. गाडीत किंवा बंद तंबूत शेगडी, कोळसा, सिगडी कधीही पेटवू नका आणि इंजिन चालू ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही.

विजेची गरज आमची थोडी: दोन दिवे, फोन आणि आईचं वाफ घ्यायचं यंत्र. त्यासाठी 12.8 व्होल्ट, 50 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी डब्यात बसवून घेतली. साधारण 640 वॉट-अवर साठवते आणि घरूनच चार्ज करून आणतो. गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर काही चालवायचं नाही, कारण सकाळी गाडी सुरू झाली नाही तर रतनवाडीत मेकॅनिक कुठून आणणार? डॅशबोर्डच्या सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते पाहून घ्या. बऱ्याच गाड्यांत तो 15 चा असतो, म्हणजे 180 वॉटच्या आसपास मर्यादा. हवा भरायचा मोठा पंप त्यावर लावू नका, चिमट्यांनी थेट गाडीच्या बॅटरीला जोडा आणि इंजिन चालू ठेवा.

कच्च्या रस्त्यासाठी खरा फरक पडतो तो टायरने. आम्ही कंपनीचाच 215/65 आर16 आकार (रुंदी 215 मिमी, टायरच्या कडेची उंची तिच्या 65 टक्के) ठेवून ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे टायर घेतले. मोठा टायर घालायचा सल्ला खूप जण देतात. हिशेब करून पाहा: 215/70 घातला तर व्यास साडेएकवीस मिमीने वाढतो, म्हणजे जमिनीपासूनची उंची जेमतेम 11 मिमी. त्या 11 मिमीसाठी स्पीडोमीटर तीन टक्क्यांनी चुकतो, चाक पूर्ण वळवल्यावर घासायची शक्यता वाढते आणि स्टेपनी तिच्या खळग्यात बसेलच असं नाही. ऑल-टेरेन टायरांचा महामार्गावर आवाज येतो आणि डिझेलही थोडं जास्त लागतं, पण साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जाड असते आणि धारदार दगडांच्या रस्त्यावर तीच उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट फुकटची आहे: हवा. रतनवाडीच्या पुढे रस्ता उखडलेला लागला तशी आम्ही 33 वरून 24 पीएसआयवर हवा उतरवली. टायर दगडावर दबतो, पकड वाढते आणि आतल्या माणसांची हाडं खिळखिळी होत नाहीत. आईने आपणहून विचारलं, “आता रस्ता चांगला लागला का?” रस्ता तोच होता. डांबर लागल्यावर वेग वाढवण्याआधी हवा पुन्हा भरायचीच, कमी हवेत वेगाने चालवलं तर टायर तापून फुटतो. त्यामुळे पंप आणि प्रेशर गेज नसेल तर हवा उतरवू नका.

साम्रदला सांदण दरी या अरुंद, खोल घळीसाठी थांबलो. मोठा मुलगा आणि बायको वाटाड्याबरोबर दरीत उतरली, आम्ही बाकीचे वर थांबलो. ज्या शेतात गाडी लावायची होती तिथे बैलगाडीची वाट जात होती, दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. अशा जागी चाकं चाकोरीत घालायची नाहीत, मधल्या उंचवट्यावर पोट टेकतं. एका बाजूची चाकं उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बाहेरच्या कडेवर ठेवून जायचं. आधी मी चालत जाऊन पाहिलं, मग बायको पुढे उभी राहून हाताने खुणा करत होती. लॉक मोड, पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. दवाने ओल्या गवतावर एक चाक क्षणभर फिरलं आणि बाकीच्या तिघांनी गाडी वर नेली. जास्त वेळ चाकं फिरत राहिली तर मागच्या चाकांना जोर देणारा क्लच तापतो, तेव्हा दोन प्रयत्नांत जमलं नाही तर उतरून फावडं हातात घ्यावं.

अडकलोच तर म्हणून गाडीत फावडं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), लवचीक ओढदोर आणि किती भार पेलतो ते छापलेले दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या) असतात. दोर गाडीच्या ठरलेल्या हुकलाच लावा, सस्पेन्शनच्या दांड्यांना कधीच नाही. ताणलेल्या दोरावर गोधडी किंवा जड पोतं टाका, म्हणजे दोर तुटला तरी अंगावर उसळत नाही. त्या वेळी मुलांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभं करा.

जलाशयाचं पाणी ओसरतं तेव्हा काठाला सपाट मैदान दिसतं आणि तिकडे गाडी न्यायचा मोह होतो. नेऊ नका. वरून भेगा पडलेला कोरडा गाळ खाली फूटभर ओला असतो. अडकलेली गाडी काढायला गावचा ट्रॅक्टरच यावा लागतो, आणि तोही कधी कधी तिथे रुततो. वाळलेल्या गवतातही गाडी उभी करू नका. पोटाखालचा तापलेला एक्झॉस्ट गवताला लागला की वणवा पेटतो, आणि डिसेंबरनंतर इथलं गवत पूर्ण वाळलेलं असतं.

घाटघरचा कोकणकडा संध्याकाळी पाहिला. खाली ठाणे जिल्हा पसरलेला. इथला 250 मेगावॉटचा प्रकल्प रात्री खालच्या धरणातलं पाणी वर चढवतो आणि विजेची मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतो. मुलाने यावर इतके प्रश्न विचारले की कड्यावरून निघायला अंधार झाला.

अंधारात मुरशेतकडे येताना जास्तीच्या दिव्यांची गरज भासली नाही. मूळ हेडलाइट नीट लावून घेतले होते, ते पुरले. समोरच्याचे डोळे दिपवणारे बार-लाइट घाटात अपघात घडवतात. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बंदी आणली आहे, कारण पायी चालणाऱ्याला त्याने जबर मार बसतो आणि एअरबॅगच्या सेन्सरवरही परिणाम होतो. आमचा पाट सामानासारखा काढता येतो. इंजिनखालची प्लेट मूळ बोल्टवरच बसते, तिला ऑइल सोडायचं भोक आधीच पाडून घेतलं आहे. जे लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवा.

घरी आल्यावर गाडी खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. चाकांचे बोल्ट पान्याने पुन्हा तपासा आणि प्लेटवर अडकलेले खडे काढा. नाही तर आठवडाभर खडखडाट ऐकू येईल आणि मेकॅनिक सस्पेन्शन उघडून बसेल.

पहिल्यांदा जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. काजव्यांसाठी मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जायचं असेल तर आधी वनविभागाचे त्या वर्षीचे नियम पाहा, प्रवेशाच्या वेळा आणि गाड्यांवर बंधनं असतात. शनिवार-रविवार टाळा. झाडांजवळ पोचल्यावर इंजिन आणि सगळे दिवे बंद करा, गाडीचं दार उघडल्यावर लागणारा आतला दिवासुद्धा. त्याचं बटण कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा.