मलयाट्टूरच्या जंगलातील क्रुसाची वाट

वसईत लहानाचा मोठा झालेल्या ख्रिस्ती माणसाला क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणयात्रेतील चौदा प्रसंगांची, ‘स्थानां’ची प्रार्थना, तोंडपाठ असते. ईस्टरआधीच्या उपवासकाळातील दर शुक्रवारी चर्चच्या भिंतींवर सारख्या अंतराने लावलेल्या चौदा चित्रांपुढे गुडघे टेकायचे, उठायचे, पुन्हा टेकायचे आणि अर्ध्या तासात येशूला कबरेत ठेवून घरी जेवायला यायचे, हा शिरस्ता मी चाळीस वर्षे पाळला आहे. गेल्या उपवासकाळात मात्र धाकट्या बहिणीच्या आग्रहामुळे आम्ही केरळातील मलयाट्टूरला गेलो.

कोचीपासून सुमारे 50 किलोमीटरवर, पेरियार नदीच्या काठी, आद्य शंकराचार्यांच्या कालडीजवळ हे गाव आहे. तेथील कुरिसुमुडी, म्हणजे क्रुसाचे शिखर, या डोंगरावर येशूचा शिष्य संत थोमा याने प्रार्थना केली अशी श्रद्धा असून 2004 मध्ये व्हॅटिकनने या स्थानाला आंतरराष्ट्रीय तीर्थक्षेत्राचा दर्जा दिला. परंपरेनुसार संत थोमा इ.स. 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला. आमच्याकडे ख्रिस्ती धर्म सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला, तेव्हा या मंडळींपुढे आपण कालची पोरे आहोत, हे बहिणीने मला रिक्षातच ऐकवले.

उन्हाच्या भीतीने आम्ही पहाटे साडेतीनला चढायला लागलो. वाट म्हणजे झाडांच्या मुळांमधून वर गेलेले, असंख्य पावलांनी गुळगुळीत झालेले दगडधोंडे. पुढे-मागे लोक ‘पोन्निन् कुरिशु मुत्तप्पो, पोन्मल कयट्टम्’ असा घोष करत होते. सोन्याच्या क्रुसाच्या आजोबांना सोन्याच्या डोंगरावर चढत असल्याचे सांगणारा हा घोष आहे. आपल्या वारकऱ्यांनी देवाला आई केले आणि यांनी संताला आजोबा केले, हे मला फार आवडले.

बहीण मराठी पुस्तिकेतून प्रत्येक स्थानाची प्रार्थना वाचत होती. चर्चमध्ये तिसऱ्या स्थानाशी, म्हणजे येशू पहिल्यांदा पडतो तेथे, मी कधी विशेष रेंगाळलो नव्हतो. येथे तिथवर पोहोचेपर्यंतच छाती भरून आली आणि पुढे दोन स्थानांमधले अंतर चित्रे लावणाऱ्याच्या नव्हे, तर खडकाच्या मर्जीने ठरू लागले. पाचव्या स्थानाच्या अलीकडे चार-पाच तरुण एक भलाथोरला लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन थांबले होते. त्यांच्यातल्या एकाने मला खुणेनेच खांदा देण्यास सांगितले. लाकूड ओबडधोबड होते; खांद्यावर टेकायच्या जागी त्यांनी तोर्त, म्हणजे तिकडचा पातळ पंचा, गुंडाळला होता, तरीही भार गळ्याजवळच्या हाडावर नेमका उतरत होता. पाचव्या स्थानी येशूचा क्रूस वाहायला कुरेनेकर शिमोनाला सैनिकांनी बळजबरीने धरले होते, मी मात्र आपण होऊन हो म्हटले होते, आणि तरी शंभरएक पावलांनंतर मी कुणी सोडवायला येते का म्हणून मागे वळून पाहू लागलो. शेजारून काठी टेकत चढणारी एक वृद्धा माझ्याकडे पाहून ‘पय्ये, पय्ये’ म्हणाली. सावकाश, सावकाश. येशूचे तोंड पुसणाऱ्या वेरोनिकाचे सहावे स्थान त्या धांदलीत केव्हा मागे पडले, ते कळलेच नाही.

नवव्या स्थानापाशी, म्हणजे तिसऱ्या पतनापाशी, बहिणीने पुस्तिका मिटली. वाचायला तिच्याजवळ श्वास उरला नव्हता, म्हणून आम्ही नुसतेच उभे राहिलो. पुढची स्थाने अशीच मुक्याने झाली.

उजाडता उजाडता माथ्यावर पोहोचलो. तेथील जुन्या चॅपेलला ‘आनकुत्तिय पळ्ळी’, म्हणजे हत्तीने धडक दिलेले चर्च, असे म्हणतात आणि भिंतीवरच्या खुणा रानहत्तींच्या सुळ्यांच्या असल्याचे सांगतात; वाटेवरचा अंधार आठवून मी त्या खुणांना आदरपूर्वक हात लावला. जवळच भाविकांनी आणून ठेवलेल्या क्रुसांचा ढीग होता. तरुणांनी आपला क्रूस त्यावर टेकवला आणि ते निमूटपणे थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांच्यातल्या सर्वांत लहान मुलाने क्रुसावरचा तोर्त सोडवला, झटकला, आपले तोंड पुसले आणि माझ्या कपाळावरून घाम ओघळताना पाहून तो माझ्यापुढे धरला.