प्रेसवर बोट गेलं, त्यानंतरची कागदपत्रं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर होतो. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, खाली यावा, अशी ती मशीन. पण माल लवकर निघावा म्हणून एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं. अडकलेला जॉब, म्हणजे तयार होत असलेला भाग, काढताना उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली.

पट्टी होते न होते तोच ठेकेदार म्हणाला, "घरी कडबाकुट्टीत बोट गेलं म्हणून सांग. दवाखान्याचं मी बघतो, ईएसआयच्या भानगडीत पडू नको." ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कर्मचारी राज्य विमा. वाळूजजवळच्या रांजणगावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत कडबाकुट्टी! गॅस ठेवायला जागा नाही तिथं.

चुलतभाऊ दुसऱ्या कंपनीत परमनंट. तो थेट शेडवर गेला आणि अपघाताच्या वहीत नोंद करूनच हलला. जखमी माणसाच्या वतीनं दुसरं कुणीही ही खबर देऊ शकतं, तोंडीसुद्धा. मग मालकाला अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखेत पाठवावा लागला. मी ठेकेदाराचा माणूस असलो तरी ईएसआयच्या वर्गणीची पहिली जबाबदारी मुख्य मालकाचीच: त्याचे 3.25 टक्के, माझ्या पगारातले 0.75. कामावरच्या इजेसाठी नोकरी किती जुनी हे बघत नाहीत, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे.

सुपरवायझरचं पालुपद एकच, "हात घातलास कशाला?" कायद्यात याचं उत्तर आहे. मालकाच्या कामासाठी करताना नियम मोडला गेला, तरी ती कामावरचीच इजा धरतात.

सुट्टीच्या काळात सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळाले. आधार आणि ईएसआय कार्डावरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला, त्यात थोडे हेलपाटे झाले.

जखम भरल्यावर मेडिकल बोर्ड. डॉक्टरांनी बोट वाकवायला लावलं, काम विचारलं, संपलं. कमाईची ताकद किती गेली याची टक्केवारी कायद्याच्या परिशिष्टात ठरलेलीच असते: अख्ख्या तर्जनीला 14, दोन पेरांना 11, अंगठ्याला 30. रोज 500 धरला तर पूर्ण दर त्याच्या 90 टक्के, म्हणजे 450 आणि त्याचे 11 टक्के म्हणजे दिवसाला साडेएकोणपन्नास रुपये. कमी वाटतात, आहेतच. पण ते जन्मभर मिळतात, हयातीचा दाखला दिला की झालं. मी आता पॅकिंगला आहे, पगार चालू आहे, तरी ते थांबलेले नाहीत.

माझं प्रकरण जुन्या कायद्यांतलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. विजेवर चालणारा कारखाना कशाला म्हणायचं, तो आकडा 10 कामगारांवरून 20 वर गेला. आमच्या ओळीतल्या कितीतरी शेडमध्ये माणसं नेमकी या दोन आकड्यांच्या मधलीच.