आत्याबाईंचा अंगठा आणि माझा वजनकाटा

येळवसच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या रात्री आमच्या घरी दहा-बारा माणसांच्या भज्जीची भाजी निवडायची-चिरायची असते. लातूर-धाराशिवकडच्यांना हे सांगायला नको. तूर, वाटाणा, हरभरा सोलून झाला की मेथी, पालक, पात, गाजरं आणि वांगी विळीवर येतात. गेल्या येळवसला मेथीची तिसरी जुडी चिरताना विळी पाल्यावरून घसरली आणि माझ्या बोटात गेली. बोथट विळी जास्त कापते, हे सासरी आल्यापासून ऐकत होते. त्या रात्री पटलं.

आठवड्याने सायकलवर दगडी चाक बांधलेला धारवाला गल्लीत आला. त्याने विळी आणि सुरी चाकाला लावली आणि ठिणग्या उडवून दिल्या. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाल्या, "आता कशी लागली बघ." खरंच लागली होती. टोमॅटो नुसता टेकवला तरी फाक पडत होती. चौथ्या दिवशी मात्र त्याच विळीवर पालकाचे देठ चिरडायला लागले.

मी म्हटलं, धार कच्ची लावली. आत्याबाई म्हणाल्या, "धार चांगलीच हाय. तू ती सुरी वट्ट्यावर घासघासून कापतीस, तुझ्या हातात कसलीबी धार टिकत न्हाई." सुरीचा विळीशी काय संबंध, असं मी विचारलं. त्यावर उत्तर आलं नाही, पण भांडण राहिलं.

मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. "मोजल्याशिवाय हिला जेवण पचत नाही," असं हे म्हणतात. तर मोजायचं ठरवलं.

कल्पना माझी नाही. धार मोजायची जगात एक रीतच आहे: ठरावीक जाडीचा ताणलेला दोरा घ्यायचा, त्यावर पातं सरळ दाबायचं आणि दोरा तुटायला किती ग्रॅम जोर लागला ते बघायचं. आकडा जितका कमी तितकी धार चांगली. याच तत्त्वावर 'बेस' नावाची मोजपट्टी ० ते २००० पर्यंत जाते आणि दाढीचं नवं दुधारी ब्लेड तिच्यावर ५० च्या आसपास बसतं. तयार यंत्र महाग. माझ्याकडे पीठ मोजायचा पाच किलोचा काटा होता. तो एक-एक ग्रॅम दाखवतो, मला तेवढं पुरे होतं.

पहिला फजितीचा भाग दोऱ्याचा. शिलाईचा सुती दोरा बाभळीच्या ठोकळ्यावर दोन खिळ्यांत ताणला, ठोकळा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि सुरी दाबली. ९५. परत दाबली. २३०. तीच सुरी, तीच जागा! सुती दोरा कुठे जाड, कुठे बारीक असतो, शिवाय तो एकदम तुटत नाही, एकेक तंतू सुटत जातो. मग नांदेडहून भावाकडून तंगूस मागवला, मासे धरायचा नायलॉनचा दोरा. गोदाकाठी तो कुठल्याही बाजारात मिळतो. तंगूस सगळीकडे सारख्या जाडीचा असतो, हीच त्याची थोरवी.

दुसरी अडचण विळीची. सुरी हातात धरून दाबता येते, विळी कशी दाबणार? तिचं पातं तर पाटात ठोकलेलं! दोन दिवस डोकं खाल्ल्यावर उलटं करायचं सुचलं. विळीच काट्यावर चढवायची आणि दोरा वरून तिच्यावर दाबायचा. जोर कुणीही कुणावर लावला तरी काट्याला तेवढाच कळतो. पाट उभा केला म्हणजे पात्याची धार आभाळाकडे होते. तो पडू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे सुतळीने आवळले, सगळं मिळून तीन किलोच्या आत बसलं. दोऱ्यासाठी ह्यांच्या हॅक्सॉची फ्रेम घेतली. ब्लेड काढून तिथे तंगूस बांधला. प्रत्येक वेळी अर्ध्या किलोचं वजन टांगून मगच दुसरं टोक स्क्रूखाली आवळायचं, म्हणजे ताण सारखा राहतो. सैल दोरा जास्त वाकतो आणि आकडा फुगतो. म्हणूनच सुरीसुद्धा पुन्हा याच फ्रेमवर मोजली. दोन वेगळ्या जुळण्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे नाहीत, हे पोरांना दरवर्षी सांगते आणि स्वतःच विसरले होते.

आणखी काही गोष्टी करून बघणाऱ्यांसाठी. दोरा तुटतो त्या क्षणीचा आकडा डोळ्याला पकडता येत नाही, म्हणून मोबाइल काट्यासमोर उभा करून व्हिडिओ घ्यायचा आणि नंतर हळू चालवून बघायचा. दाब चार-पाच सेकंद घेत हळूहळू वाढवायचा, कारण काट्याचा आकडा थोडा मागून येतो. आणि पातं दोऱ्यावर अजिबात ओढायचं नाही. ओढलं की करवतीसारखं कापतं, आकडा निम्म्यावर येतो आणि आपण उगाच खूश होतो. प्रत्येक जागी पाच वेळा मोजून मधला आकडा घेतला. दाढीचं नवं ब्लेड माझ्या फ्रेमवर ७० च्या आसपास येत होतं. 'बेस'च्या पन्नासाशी त्याची तुलना नको, माझा दोरा वेगळा.

बोथटलेली विळी मधोमध ६४० आली. वरच्या टोकाला, जिथे कधीच काही चिरलं जात नाही, तिथे २१०. आत्याबाई चष्मा लावून बसल्या होत्या. "टोकाला का कमी आलं?" त्यांनीच विचारलं, त्यामुळे मला आनंद झाला, पण दाखवला नाही.

महिन्याने धारवाला परत आला तेव्हा मी विळी त्याच्या हातून थेट काट्यावर आणली. मधोमध १६० आली. आत्याबाई जिंकल्या. मग त्याच विळीवर मेथीची एकच जुडी चिरली आणि परत मोजलं. ३९०! त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. कुणी जिंकलंय हे मलाही कळेना.

कारण प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली सापडलं. चाक एका बाजूने लागलं की लोखंडाची बारीक पापडी धारेवरून पलीकडे वळते. फिटर लोक तिला बर म्हणतात. बर इतकी पातळ असते की दोरा पटकन तुटतो आणि बोटालाही काटा लागल्यासारखं टोचतं. आत्याबाईंचा अंगठा आणि माझा काटा, दोघंही या बरीला फसले. काही चिरलं की ती वाकते किंवा मोडते आणि मागे बोथट कड उरते. शिवाय टोकाजवळ निळसर डाग पडला होता. कोरड्या चाकावर लोखंड तीनशे अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं, आणि तेवढ्या जागेचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो.

मग मी घरीच बसले. कुरुंदाचा दगड पाण्यात भिजवला, दोन्ही बाजूंनी सारखे हात दिले, शेवटी एक हात इकडून, एक तिकडून, दाब कमी करत करत. दगड धारेपर्यंत पोचतोय की वरवर घासतोय हे कळायला कडेवर मार्करची रेघ मारून ठेवायची. जिथली शाई उडाली नाही, तिथे दगड लागलाच नाही. शेवटी ह्यांच्या जुन्या कातडी पट्ट्यावर पातं पाठीकडे ओढलं, न्हावी वस्तरा ओढतो तसं. आकडा आला १९०. धारवाल्यापेक्षा वाईट! पण तीन दिवस रोजची भाजी चिरल्यावरही तो २३० होता. तेव्हापासून धार लावल्यावर लगेच आलेला आकडा मी लिहीतच नाही. एक जुडी चिरायची, मग मोजायचं.

सुरीचा निकाल मात्र माझ्याविरुद्ध लागला. १८० वर आणलेली सुरी ग्रॅनाइटच्या ओट्यावर कांदा चिरल्यासारखी वीस वेळा टेकवली आणि मोजली तर ८५० ग्रॅमला दोरा तुटला. लाकडी पाटावर तेवढीच टेकवली तर २०० च्या आतच. आत्याबाईंनी आकडा विचारला, मी सांगितला. "मी काय म्हणलाले मग?" एवढंच बोलून त्या उठल्या.

पुढे नादच लागला. शेतातलं खुरपं १३०० आलं. हौसेने ३०० वर आणलं, तर काळ्या रानात दोन सऱ्या खुरपल्यावर ते पुन्हा हजारावर गेलं. खुरप्याला बारीक धार पोसत नाही, जाड कडच बरी. ज्वारी काढायच्या विळ्याची गोष्ट निराळी. ज्वारीच्या पाल्यात आणि धाटात सिलिका असते, म्हणजे वाळूचीच जात, आणि मुळाजवळ माती असतेच. इंग्लंडात शेफिल्डला सुऱ्या तपासणारी संस्था आहे, कॅट्रा. धार किती टिकते हे बघायला तिथलं यंत्र सुरीने जे कागद कापतं त्यात मुद्दाम ५ टक्के सिलिका मिसळलेली असते. आमच्या सालगड्याचा विळा हीच परीक्षा दर सुगीला देतो, म्हणून कमरेला कानस लावूनच तो रानात उतरतो.

सध्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाशेजारी विळीचे आकडे असतात. साडेतीनशेच्या वर गेला की दगड काढायचा, असं ठरलं आहे. आत्याबाईंनी परवा पानाच्या डब्यातला अडकित्ता माझ्यासमोर ठेवला. "ह्येला कसं मोजलालीस ते सांग." अडकित्त्याची एकच कड धारेची, दुसरी सुपारी धरायची, मध्ये दोरा नेला तर खालून आधार मिळतो आणि आकडा भलताच येतो. खालची कड फडक्याने मागे बांधून बघणार आहे. तोवर सुपारी त्याच कातरतात, अंगठा न फिरवता.