कडेच्या ओळीतला मका

काढणीच्या दिवशी मी सहसा फोन उचलत नाही. त्या दिवशी उचलला. त्याआधी स्वतःच एक आकडा पाठवून बसले होते.

मी मक्याची पैदासकार. एका बियाणे कंपनीसाठी संकर वाणांच्या चाचण्या लावते. मुक्काम कोल्हापुरात, पायपीट जिल्हाभर. त्या खरिपात बारा संकर आणि ज्यांच्या मिलनातून ते तयार होतात ते त्यांचे नर-मादी पालक दोन ठिकाणी लावले होते. एक शिरोळला, नदीकडच्या काळ्या खोल जमिनीत. तिथल्या मालकाच्या गोठ्याच्या भिंतीवर २०१९ च्या महापुराची रेघ अजून दिसते. आमचा तुकडा तेवढा उंचावर होता. दुसरा शाहूवाडीत, डोंगराच्या पायथ्याला. लाल मुरमाड जमीन, वीतभर खणलं की पहार वाजते. बी एकाच पोत्यातलं, खताची मात्रा सारखी, पेरणीत चार दिवसांचा फरक.

जुलैत शाहूवाडीला पाऊस लागला तो लागलाच. वापसा येईना, भांगलण होईना, दिलेला युरिया मुरमातून खाली निघून गेला. संकर पिवळे पडले, पण उभे राहिले. पालक गुडघ्याएवढे झाले आणि तिथंच थांबले. मग ऑगस्टअखेर, पालकांचे तुरे बाहेर पडायच्या वेळेला, नेमकी उघडीप. असल्या जमिनीत ओल धरून धरून किती धरणार?

शिरोळची काढणी आधीच झाली होती. शाहूवाडीला सकाळी आठला पोचलो. पालकांचा गट आम्ही वेगळा लावतो, नाहीतर उंच संकरांच्या सावलीतच ते निम्मे खलास होतात. मजूर बायांपैकी एकीनं त्या गटातलं कणीस सोललं आणि माझ्यापुढं धरलं.

"ताई, ह्याचं काय वजन करायचं? एका कोंबडीचं बी पोट भरायचं न्हाई."

मी दाणे मोजले. सतरा. सगळे बुडाशी, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या जबड्यासारखे. वर नुसता पांढरा दांडा. मक्याचा तुरा शेंड्याला आणि कणीस मधल्या पेरावर. कणसातून निघणाऱ्या प्रत्येक केसामागे एक दाणा. ताण पडला की तुरा साधारण वेळेवर येतो, केस मात्र रेंगाळतात. बुडाचे केस आधी निघतात, त्यांना थोडाफार पराग मिळतो. बाकीचे येईपर्यंत तुरा झडून गेलेला असतो. माझ्या वहीत त्या पालकासमोर तुरा आणि केस यांच्यात नऊ दिवसांचं अंतर लिहिलेलं होतं. त्याच्याच संकरात दोन.

दुपारी टेम्पोच्या फळीवर बसून हिशेब केला. प्लॉट १२ चौरस मीटरचा, दाण्यातला ओलावा सगळ्यांचा १५ टक्क्यांवर आणून. सगळ्यात चांगल्या संकराचं शिरोळचं वजन ९ किलो, त्याच्या दोन पालकांची सरासरी ३.६. म्हणजे संकरज ओज, आमच्या रोजच्या बोलीत ‘जोम’, पालकांच्या सरासरीपेक्षा संकर किती जास्त देतो ते, १५० टक्के. इथं शाहूवाडीत संकर ३.४ किलो, पालकांची सरासरी ०.८. जोम ३२५ टक्के! उत्साहात तेवढाच आकडा मुख्य कार्यालयाला पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"वा! ‘हलक्या जमिनीत दुप्पट जोम.’ माहितीपत्रकाची ओळ झाली की गं तयार."

मी "हो सर, बघते" म्हटलं. खरं तर तेव्हाच पोटात काहीतरी टोचलं होतं, पण भूक लागली असेल म्हणून भाकरी सोडली.

जमिनीचे मालक आबा शेजारी बसून तंबाखू मळत होते. "मॅडम, आमचा मका मोजायचा न्हाई व्हय?"

"कुठला तुमचा?"

"कडंचा की. बी कमी पडलं तवा तुमीच म्हणालासा, घरचं टाका म्हणून."

चाचणीच्या भोवती गार्ड ओळी लावतात. त्यांची नोंद नसते, त्यांनी फक्त वारं आणि डुकरं झेलायची. एका बाजूला आबांनी घरचा जुना पिवळा मका सहा ओळी टोकला होता. अगदी बाहेरच्या ओळीला ऊन आणि जागा जास्त मिळते म्हणून ती सोडली, आतल्या ओळींतलं तेवढंच क्षेत्र मोजून घेतलं, सोललं, काट्यावर ठेवलं. ओलाव्याचा हिशेब करून ३.१ किलो.

काटा बिघडला असेल म्हणून परत ठेवलं. ३.१.

एकाच जागचं एकच वजन, त्याला प्रयोग म्हणत नाहीत, हे मला कळतं. पण त्या आकड्यानं माझी वही उलटी धरून वाचायला लावली. शिरोळला संकरानं पालकांपेक्षा ५.४ किलो जास्त दिले होते, इथं २.६. टक्का दुपटीहून वाढला आणि किलो निम्म्यावर आले, कारण भागाकारात खाली बसलेला आकडा कोसळला होता. संकर इथं काही जास्त जोमदार झाला नव्हता. उलट तोही शिरोळच्या मानानं एक तृतीयांशाच्या आसपास आला होता. पालक त्याहून जास्त मेले, इतकंच. आणि पालकाचं बी कुठला शेतकरी शेतात पेरतो? आबांपुढं दोनच वाटा: दुकानातलं महागाचं पाकीट, नाहीतर कणगीतलं घरचं बी. त्या दोघांत फरक ३०० ग्रॅमचा.

पालक आणि संकर यांच्यातला हा फरक अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज शुल यांनी १९०८ मध्ये मक्यात दाखवला होता. स्वपरागीकरण करत गेलं की ओळी खुजट होत जातात, आणि अशा दोन ओळींचा संकर केला की ताकद परत येते. या जोमासाठीचा ‘हेटेरोसिस’ हा शब्दही त्यांचाच, १९१४ चा. तो आम्ही परीक्षेत इतक्या वेळा लिहिला की तो बियाण्यात भरलेला एखादा रस असावा असं वाटायला लागतं. आहे ती नुसती दोघांमधली दरी, आणि दरीची खोली दोन्ही काठांवर ठरते. कॅन्सस विद्यापीठातल्या मॅगी वॅग्नर आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा एक प्रयोग मला त्या फळीवर बसल्या बसल्या आठवला. निर्जंतुक माध्यमात वाढवलेले संकर आणि पालक यांच्यात फारसा फरकच राहिला नाही; सात जातींचे जिवाणू सोडले की पालकांच्या मुळांना फटका बसला आणि दरी उघडली. बी तेच. माध्यमातला जीव तेवढा बदलला होता.

आबांना हे मी माझ्या परीनं सांगितलं. ते हसले.

"आमच्याकडं हायब्रीड म्हंजे मका न्हवं, जोंधळा. त्यो आला तवा कणसं अशी मुठीएवढी. पण कापणीच्या टायमाला पाऊस, दाणा काळा. भाकरी करपल्यावानी दिसायची. मग म्हातारी म्हणाली, आपला शाळूच बरा."

ज्वारीचा देशातला पहिला संकर, सीएसएच-१, १९६४ चा. हे संकर लवकर पक्व होत, म्हणून पाऊस संपायच्या आत कणसं भरत आणि दाण्यावर बुरशी येई. आबांच्या आईला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण काळा दाणा पुरेसा होता. आजही कुणाच्या लेकराला सर्दी झाली की गावात म्हणतातच, हायब्रीड पोरं ही.

याचा अर्थ संकर घेऊ नका असा कुणी काढू नये. शिरोळच्या त्या मालकाला घरचं बी पेरायला सांगणं म्हणजे त्याचं नुकसान करणं. तिथं पाणी, खत, खोल माती आहे; संकराला द्यायला घरात काहीतरी आहे. शाहूवाडीच्या मुरमावर मला ती खात्री देता येत नाही, आणि ३२५ टक्क्यांच्या आड लपून तर मुळीच नाही.

संध्याकाळी खोलीवर येऊन तक्ता परत भरला. टक्क्यांच्या शेजारी किलोचे रकाने घातले, आणि सगळ्यात शेवटी आबांचा मका, "एकच नोंद, पुनरावृत्ती नाही" असा शेरा मारून. सोबत लिहिलं, की हलक्या जमिनीबद्दलची ओळ छापू नये आणि पुढच्या खरिपात प्रत्येक ठिकाणी तिथलं घरचं बी रीतसर चाचणीत लावावं. तक्त्यात वाणाचा कोड टाकल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. घरच्या बियाला कोड कुठला असणार? मी ‘आबा’ टाकलं.

सोमवारी कार्यालयातून उत्तर आलं. माहितीपत्रकाबद्दल एक अक्षर नव्हतं. विचारणा एवढीच होती: "‘आबा’ हा वाण कोणत्या कंपनीचा? आपल्या यादीत सापडत नाही."